बाळंतिणींच्या वॉर्डातली तिपाई

मी एक जुनी तिपाई आहे. पाय तीन, वय विचारू नका. नागपुरात सदरमधल्या एका दवाखान्यात, बाळंतिणींच्या वॉर्डात, माझं आयुष्य गेलं. देवाजी सुताराने मला सागवानातून घडवलं आणि माझ्यावर हात फिरवत म्हटलं, "हिच्यावर बसला तो काही लवकर उठत नाही गा!" मित्रांनो, हे कौतुक पुढे मला चांगलंच भोवलं.

वॉर्डात जनाबाई नावाची आया होती. जरीपटक्याहून पायी यायची. चादरी, गरम पाणी, फरशी, सगळं तिच्याच गळ्यात. दुपारी खिडक्यांना लावलेल्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून झालं, की ती माझ्यावर टेकायची आणि पायाने पाळणा हलवायची. वाळ्याचा ओला वास, पाळण्याची कुरकुर, तिचं गुणगुणणं. मलाही डुलकी लागायची. मग मी पुन्हा झाड व्हायचे आणि माझ्या फांदीफांदीला पाळणे टांगलेले दिसायचे.

अडुसष्ट साली गोपाळराव हे नवे व्यवस्थापक आले. एका दुपारी त्यांना जनाबाई बसलेली दिसली. "जागा दिसली की माणसं बसतात," ते म्हणाले आणि माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. मोडक्या खाटांमध्ये पडून मी फार खट्टू झाले.

शेजारीच ऑफिस होतं, तिथलं सगळं ऐकू यायचं. जनाबाईचे खाडे वाढत होते. कधी सोमवारी नाही, कधी गुरुवारी नाही, आणि अर्जात दर वेळी ताप. शेवटी गोपाळरावांनी ठणकावलं, "आणखी एक खाडा झाला, की काम गेलं समज." नवरा वारलेला, पदरात दोन लेकरं. माझा जीव टांगणीला लागला.

चार दिवसांनी ती चादरी न्यायला खोलीत आली. मला पाहून थबकली. दार लोटून "जराशीक" म्हणत टेकली आणि झोपलीच. बाहेर हाका सुरू झाल्या. "जनाबाई गायब. लिहा खाडा!" गोपाळरावांचा आवाज आला. ती तर दहा पावलांवर, माझ्यापाशीच होती. पण मला कुठलं बोलता येतं?

दार उघडलं ते वॉर्डाच्या सिस्टरने, सिंधूताईंनी.

"काहून वं जनाबाई?"

"ताप खोटा होता, सिस्टर," ती रडू लागली. "पाय सुजून राहिले. दिवसभर उभी राहिली की दुसऱ्या दिवशी उठवत नाही. मले काम आवडते हो. लेकरं निजवाले लय आवडते."

"मंग अर्जात तसं काहून नाही लिहिलं?"

"पाय दुखते म्हणून कोणी रजा देते काय?"

सिंधूताईंनी मला उचललं आणि जनाबाईला घेऊन थेट ऑफिस गाठलं. "साहेब, उद्या दिवसभर वॉर्डात उभे राहा. मग लिहा खाडा."

गोपाळरावांनी जनाबाईचे पाय पाहिले. पेन खाली ठेवलं. ते काही वॉर्डात उभे राहायला आले नाहीत, पण मी त्याच दिवशी पाळण्याशेजारी परतले. जनाबाईचे खाडे अगदीच संपले नाहीत. खोटा ताप मात्र पुन्हा आला नाही.

सोळा वर्षांनी तिचा शेवटचा दिवस उजाडला. नवी आया जया एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभी होती. जनाबाई माझ्यावरून उठली. "बस वं पोरी. लेकरू निजलं, आता तूही टेक." जाताना तिने माझ्यावर हात फिरवला, देवाजीने फिरवला होता तसाच.

मित्रांनो, आता माझा एक पाय डुगडुगतो. तुमच्यासाठी राबणारं माणूस एखाद्या दिवशी आलं नाही, तर हवं तर रागवा. पण ते आलं होतं तेव्हा त्याला टेकायला जागा दिली होती का, एवढं आधी आठवून पाहा.