हलका हात

पेंटरला इन्सुलिन सुरू झालं ते एका पाटीमुळे. उभा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवण्यात घालवलेल्या या माणसाने 'पादत्राणे'मधला 'त्र' असा काही काढला, की मालकाने पाटी परत पाठवली. डोळ्यांपुढे धुकं येत होतं. तपासलं तर साखर तीनशेच्या वर. गोळ्या पुरेनात, म्हणून डॉक्टरांनी इन्सुलिनचं पेन लिहून दिलं.

पेनवरचे आकडे त्याला दिसत नव्हते, त्यामुळे टोचायचं काम बायकोकडे आलं. तिने चाळीस वर्षं पडदे आणि शाळेचे गणवेश शिवले होते. सुईचं तिला भय नव्हतं, पण कापड वेगळं आणि नवऱ्याचं पोट वेगळं. पहिल्या सकाळी तिने श्वास रोखून पेन टेकवलं आणि बटण दाबलं.

"झालं," ती म्हणाली.

"झालं? मला तर कळलंही नाही. अगं, काय हलका हात आहे तुझा."

हे त्याने न्हाव्याला सांगितलं, पेपरवाल्याला सांगितलं, दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांनाही सांगितलं. ती वरवर रागवायची, पण आतून सुखावायची.

साखर मात्र हलायला तयार नव्हती. सकाळी उपाशीपोटी दोनशे सत्तर, मग दोनशे पंच्याऐंशी. डॉक्टरांनी मात्रा दहावरून चौदा केली, चौदावरून अठरा, मग बावीस. "पथ्य पाळताय ना?" त्यांनी विचारलं, तशी तिने नवऱ्याकडे पाहिलं. गोडाचं नाव काढताच या माणसाचा चेहरा कसा उजळतो, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक?

त्या दिवसापासून तिने पाळत ठेवली. धुण्याआधी खिसे उलटे करून पाहिले. भर दुपारी दुकानात जाऊन त्याच्या मिश्या हुंगल्या. शेवटी ड्रॉवरमध्ये, ब्रशांच्या मागे, बिस्किटांचा फोडलेला पुडा सापडला.

"हे कुणाचं?"

"गिऱ्हाइकांसाठी."

"कुठलं गिऱ्हाईक ब्रशांच्या मागे हात घालून खातं?"

"एक खाल्लं मी. मागच्या मंगळवारी."

तिचा विश्वास बसला नाही. दोन दिवस अबोला झाला. त्याने चहातलं दूध सोडलं, जेवण अर्ध्यावर आणलं, संध्याकाळी पाय दुखेपर्यंत चालला. त्यानंतरच्या सकाळी यंत्राने आकडा दाखवला, तीनशे चार.

तो खुर्चीत बसून राहिला. "आता मी काय सोडू, तेवढं सांग," तो म्हणाला. चिडून नाही, अगदी साधेपणाने.

तिचं लक्ष त्याच्या गळ्याकडे गेलं. कॉलर सैल झाली होती. दोन बोटं सहज मावतील इतकी. हा माणूस खोटं बोलत नाहीये, हे तिला त्या कॉलरवरून पटलं. मग औषध जातंय कुठे? रोज टोचून झाल्यावर कापूस ओला व्हायचा, ते तिला आठवलं. आजवर तिने तो नुसता टाकून दिला होता.

पेन पिशवीत घालून ती त्याला घेऊन दवाखान्यात गेली. "सिस्टर, माझ्याच हातून काही चुकतंय का बघा," ती म्हणाली.

"माझ्यासमोर द्या पाहू."

तिने नवी सुई बसवली, वरची मोठी टोपी काढली, आकडा फिरवला आणि पेन पोटाला टेकवलं. सिस्टरने तिचं मनगट धरलं.

"काकू, आतली छोटी टोपी?"

"छोटी कुठली?"

सिस्टरने सुईवरची बारीक प्लास्टिकची नळी ओढून काढली. आत केसाएवढी सुई चमकली. तीन आठवडे सगळं औषध कापसाने प्यायलं होतं.

ती मटकन बाकावर बसली. आधी हसला तो पेंटर. "तरीच म्हटलं, दुखत कसं नाही."

"चूक माझीही आहे," सिस्टर म्हणाली. "शिकवताना मी सुई आधीच उघडून ठेवली होती. पुष्कळांचं असं होतं."

डॉक्टरांनी मात्रा पुन्हा दहावर आणली. आता औषध खरोखर अंगात जाणार होतं. बावीस दिलं असतं तर साखर एकदम खाली आली असती. घाम फुटला, हात थरथरले, तर लगेच साखर खायची, आणि ती नेहमी खिशात ठेवायची, असंही त्यांनी बजावलं.

"ऐकलंस ना? डॉक्टर सांगतायत," पेंटर म्हणाला.

"मी तुमच्या मिश्या हुंगल्या," परतताना ती म्हणाली.

"हुंगल्यास खऱ्या. लोक बघत होते."

"चुकलंच माझं."

"अगं, बिस्किटं दोन खाल्ली होती मी. फिट्टंफाट."

ती रस्त्यातच हसायला लागली, आणि मग डोळे पुसायला लागली. त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली.

दुसऱ्या दिवशी सुई टोचली तेव्हा त्याने ओठ दाबले. सिस्टरने सांगितल्याप्रमाणे सुई आत धरून ती मोठ्याने दहापर्यंत आकडे मोजत होती, आणि तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. कापूस कोरडा निघाला. साखर एकदम नाही, पण उतरत गेली. डॉक्टर थोडी थोडी मात्रा जुळवत राहिले, आणि महिनाभराने ती एकशे तीसवर आली. तोवर आकडे त्याचे त्याला दिसू लागले होते. तरी तिने तो आकडा मोठ्याने वाचला, आणि त्यानेही जणू माहीत नसल्यासारखा ऐकून घेतला.