चौकीवरच्या गादीला केलेला नमस्कार

ओढा

दोर ताणले गेले. लाकडी चाकं आधी करकरली, मग कण्हली, मग फिरली. कावाबाता आळीचा रथ चढणीला लागला आणि त्याच्यापुढे चालणाऱ्या किनुएच्या पोटात एक ढोल वाजायला लागला. रथावर ढोल होतेच. हा तिचा स्वतःचा.

रथ म्हणजे काळ्या कापडाचा उभा डोंगर. त्यावर पाइनच्या फांद्या, फांद्यांमध्ये तलवार उपसलेला योद्धा, आणि पुढच्या फळीवर चेहरे पांढरे रंगवलेल्या, लांब बाह्यांच्या मुली. वाजवणारे कापडाआड, डोंगराच्या पोटात. हे सगळं वर देवळापर्यंत न्यायचं आणि देवासमोर मुलींनी नाचायचं, पायरीवरचे कंदील लागायच्या आत. कंदील लागले की दर्शन बंद. मग तुमचा योद्धा कितीही डोळे वटारो.

गेल्या वर्षी कावाबाताचा रथ वाटेतच अडकला. रंगवलेल्या मुली न नाचता खाली उतरल्या, घरी गेल्या, तोंडं धुऊन जेवल्या. वर्षभर आळीत कोणी त्याबद्दल मोठ्यानं बोललं नाही. हळू आवाजात मात्र दुसरा विषयच नव्हता.

म्हणून यंदा बोलणी किनुएकडे. अरुंद रस्त्यात दोन रथ समोरासमोर आले, की दोन्हीकडून एकेक जण पुढे होतो आणि आधी कोण जाणार हे बोलून ठरवतो. दर्शनाला वर निघालेल्याचा मान पहिला. दर्शन करून खाली येणाऱ्यानं बाजूला व्हायचं. नियम इतका सोपा, की त्यावरून तासन् तास भांडता येतं. कावाबातासाठी हे भांडण आजवर पुरुषांनीच केलं. शेवटचे तोकुझोकाका. त्यांचा घसा कायमचा बसला, तेव्हा त्यांनी आपला निळा अंगरखा पुतणीच्या खांद्यावर टाकला. "मासळीच्या गाळ्यावर हिच्याशी घासाघीस करून दाखवा," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आणि मग तोंड उघडा." जाणती मंडळी म्हणाली, "बघू."

आता ती मंडळी रथामागे चालत होती आणि खरंच बघत होती.

दोन्ही बाजूंना चुली पेटलेल्या. काडीवर थापून भाजलेला भात, त्याला चोपडलेला मिसो, म्हणजे सोयाबीनची आंबवलेली खारट चटणी, जळत आल्याचा वास. धुरावलेल्या मुळ्याच्या लोणच्याच्या राशी. उकडलेलं अंडं पोटात घेऊन थरथरणारी अगरची वडी. हे गाव सोडलं तर ती कोणाला आवडत नाही, आणि या गावाला त्याची पर्वा नाही. किनुएनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. भुकेचं नावही नव्हतं.

"हळू घे गं," काका बाजूने म्हणाले. "रथ ओढायचाय, रथानं तुला ढकलायचं नाही."

"काका, ऊन बघा. अजून छपरांवर आहे."

"ऊन मी तुझ्या आधीपासून बघतोय."

तेराशिता आळीची हद्द आली. ही गावातली सगळ्यात चिमुकली आळी, हिचा स्वतःचा रथसुद्धा नाही. पण वाट हिच्यातूनच जाते. म्हणून हद्दीवरच्या चौकीपुढे वाकून परवानगी मागायची आणि मग आत शिरायचं. रथ नेमका तेव्हा लयीत आला होता, ओढणाऱ्यांच्या पायांत वारं भरलं होतं. किनुए धावत चौकीपुढे गेली, कमरेत वाकली, शब्द म्हणाली, धावत परत आली. ओढा. आता तेराशिता ओलांडली की देऊळ, ऊन अजून छपरांवर, म्हणजे वेळ आहे, म्हणजे आज नक्की आपण


थांबा

वळणावरून दुसरा काळा डोंगर उतरत होता. तोकिवा आळी.

दोन्ही रथ थांबले. मध्ये चार माणसं आडवी झोपतील एवढीच जागा. दोन्हीकडच्या ढोलांनी आवाज चढवला. तोकिवाचे ओढणारे दोर हातात ठेवून हसत होते.

"कावाबाता, यंदा मुलींची तोंडं आम्ही धुऊन देऊ का?"

"तुमची आधी धुवा," शिगेतो ओरडला. शिगेतो कावाबाताच्या दोरांचा मुख्य, खांद्यानं बैल आणि डोक्यानंही. "रथ रथावर आपटू या का, किनुए? एकदा आपटला की सरकतोच समोरचा."

"आपटायचं नाही. मी जाते."

तोकिवाकडून बोलणीसाठी एक माणूस पुढे निघाला. उंच, डोक्याला करकचून पट्टी, चालण्यात नको तितका रुबाब. तो यासुजी होता. किनुएचा नवरा.

तो जन्माचा तोकिवाचा. उत्सव लागला की दरवर्षी चादर-उशी घेऊन आईकडे राहायला जातो, कारण शत्रूच्या घरात झोपून रथ ओढता येत नाही. बोलणी त्याच्याकडे आहेत हे किनुएला ठाऊक होतं. पण गावात रथ पुष्कळ, रस्ते पुष्कळ. नेमका इथेच भेटेल असं वाटलं नव्हतं.


बोला

मोठ्यानं, दोन्ही आळ्यांना ऐकू जाईल असं:

"तोकिवा आळीच्या बोलणीकरांना कावाबाताचा नमस्कार. आम्ही दर्शनाला वर निघालो आहोत. आपण?"

"कावाबाताच्या बोलणीकरांना नमस्कार. आम्ही दर्शन करून उतरतो आहोत."

"तर मग आपण कृपा करून बाजूला व्हावं."

वाकताना, ओठांतल्या ओठांत:

"पट्टी केवढी आवळलीस. डोळे बाहेर आलेत."

"आईनं बांधली. तू जेवलीस का?"

"नाही. सरक."

मोठ्यानं:

"आम्ही आनंदानं बाजूला झालो असतो. पण एक शंका आहे. आपण तेराशितात शिरलात तेव्हा चौकीवर लाकडी ठोका वाजला नाही. आम्ही कान देऊन होतो."

किनुएच्या पोटातला ढोल एकदम थांबला.

परवानगी दिली की चौकीवाला दोन लाकडं एकमेकांवर आपटतो. तो टणत्कार आख्ख्या आळीत ऐकू जातो. तिनं तो ऐकला होता का? वाकली, शब्द म्हणाली, धावली. समोर होती एक निळी गादी, एक चहाचा पेला. गादीवर

गादीवर कोणी नव्हतं.

ओठांतल्या ओठांत:

"तू गादीला नमस्कार केलास."

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. तुझ्या तोंडावर दिसतंय."

मोठ्यानं, आणि आता यासुजीच्या आवाजात खरोखरची धार होती, कारण मागे त्याचीही आळी उभी होती:

"न विचारता आलेला रथ वरही जात नाही आणि खालीही. तो रथच नव्हे. आपण हद्दीपर्यंत मागे जावं, परवानगी घ्यावी आणि पुन्हा यावं. आम्ही थांबतो."

मागे कुजबुज उठली. कोणीतरी "बघा" म्हणालं. तोच माणूस, जो "बघू" म्हणाला होता. रथ मागे न्यायचा म्हणजे उतारावर सगळा भार दोरांवर तोलत, एकेक वीत सोडत. तोवर ऊन छपरांवरून उतरून डोंगरापलीकडे. शिगेतोनं हातांवर थुंकून दोर धरला. "आपटतो. जे होईल ते."

किनुएला त्या क्षणी आपटणं फार आवडलं असतं. तिनं काकांकडे पाहिलं. काकांनी खांदे उडवले. अंगरखा तुझ्या अंगावर आहे, माझ्या नाही.

ती वळली.

"तोकिवाच्या बोलणीकरांना एक विचारते. चौकीपुढे नमस्कार कोण करतं? रथ की माणूस?"



"रथाला कंबर नाही. तो वाकत नाही. चूक माझ्या कमरेची आहे, मीच मागे जाते. रथ आहे तिथे उभा राहील, बोटभरही हलणार नाही. ठोका वाजला तर आम्ही वर जाणारे. नाही वाजला, तर रथ मागे घेऊ आणि आपली माफी मागू."

तोकिवात एकमेकांकडे पाहणं झालं. असं आजवर कोणी मागितलं नव्हतं. नियमात नव्हतं, नियमाविरुद्धही नव्हतं.

"साक्षीदार लागेल," यासुजी शेवटी म्हणाला. "मी बरोबर येतो."


पळा

धावत. गर्दीतून. निळा अंगरखा पुढे, काळा मागे.

"बाजूला, बाजूला, माफ करा."

"भांडलेत वाटतं," लोणचंवाली शेजारणीला म्हणाली.

"उत्सवात कशाला भांडतील. या दिवसांत दोघं दोन आळ्यांत असतात, आज चुकून एकीत आलेत."

"किनुए, तू इतकी पळतेस कधीपासून?"

"बोलणीकर म्हण."

"बोलणीकर, तुमच्या वहाणेचा पट्टा तुटलाय."

तिनं वहाण काढून कमरपट्ट्यात खोचली आणि एका पायात नुसत्या मोज्यानं पुढे पळाली.

चौकी. निळी गादी. चहा थंड. कोणी नाही.

"कुराइची आजोबा कुठायत?" तिनं समोरच्या मुलीला विचारलं. मुलीनं काडीवरचा भात न सोडता बोट दाखवलं.


रांग

अळकुड्यांच्या रश्श्याची रांग. कोंबडी, अळंबी, आणि तोंडात टाकताच विरघळणाऱ्या अळकुड्या. पातेलं मोठं, पण तळ दिसायला लागलेला. कुराइची आजोबा, तेराशिताचे चौकीवाले, दोन्ही हातांनी रिकामा वाडगा छातीशी धरून उभे. पुढे थोडीच माणसं.

किनुए तिथेच वाकली. "आजोबा, कावाबाता आळी परवानगी मागते."

"इथे? रश्श्याच्या रांगेत?" आजोबा दुखावले. "मी इथे भुकेला म्हातारा आहे. चौकीवाला चौकीवर असतो."

"मग चला ना चौकीवर."

"आणि माझा नंबर? बाई, हा रस्सा माझ्या सुनेचा आहे आणि ती मला घरी देत नाही. म्हणते, विकून उरला तर. कधी उरतो का?"

"आजोबा, ऊन बघा."

"पातेलं बघ."

किनुएनं पातेलं पाहिलं. ऊन पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं.

"नाही," यासुजी म्हणाला. "मी तोकिवाचा बोलणीकर आहे. मी रांगेत उभा राहणार नाही."

 आजोबांनी वाडगा पुढे केला. रांगेतली माणसं आपापल्या वाडग्यात बघू लागली. यासुजीनं आजूबाजूला पाहिलं, बहुतेक गर्दीत त्याची आई असेल तर बघत नसावी म्हणून, आणि वाडगा घेतला.

"साक्ष कशी देणार मी?"

"ठोका ऐकायला येतो इथे," आजोबा चालू लागत म्हणाले. "अळंबी जास्त घाल म्हणावं."


ठोका

आजोबा गादीवर बसले. अंगरखा नीट केला. चहाचा पेला बाजूला सारला. आणि एकाएकी तिथे म्हातारा उरला नाही, तेराशिता आळी बसलेली होती.

किनुए गुडघे टेकून म्हणाली, "कावाबाताआळीचारथदर्शनालानिघालाआहेतेव्हा"

"काय म्हणालीस?"

ती थांबली. श्वास घेतला. मोज्यातून दगड टोचत होते. ऊन समोरच्या छपराच्या टोकावर आलं होतं, आणि तिनं मुद्दाम तिकडे बघितलं नाही.

"कावाबाता आळीचा रथ दर्शनाला निघाला आहे. तेराशिता आळीनं आपल्या दारातून आम्हाला वाट द्यावी. आमच्या चाकांनी तुमच्या उंबऱ्यांना त्रास झाला तर क्षमा असावी."

"आता बरं वाटलं," आजोबा म्हणाले. "जा. नीट जा."

लाकडावर लाकूड. टण्ण.

आवाज छपरांवरून वर गेला. आणि वरून, वळणापलीकडून, कावाबाताचा ढोल त्याला उत्तर देत सुटला. एक, मग सगळे.


पुन्हा थांबा

ती परत पोचली तेव्हा तोकिवाचा रथ जागचा हलला नव्हता. दोरांपुढे त्यांचा म्होरक्या कानेतो हाताची घडी घालून उभा.

"ठोका वाजला," किनुए म्हणाली. छाती भात्यासारखी चालू होती. "बाजूला व्हा."

"वाजला. पण आमचा माणूस कुठाय? त्याच्या शब्दाशिवाय आमचं चाक हलत नाही."

"तो रांगेत आहे."

"कसल्या रांगेत?"

"रश्श्याच्या."

कावाबाताकडून हशा उसळला. कानेतोचे कान लाल झाले. "आमच्या माणसाला बायकोनं रश्श्याला पाठवलं?" तो हळू म्हणाला, आणि त्या हळूपणानं दोन्हीकडचे दोर आपसूक ताणले गेले. शिगेतो दात दाखवू लागला. मुली फळीवरच्या खांबांना धरून उभ्या राहिल्या.

"कोणी हलायचं नाही," किनुए दोन रथांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. पुढे त्यांचा आडवा खांब, मागे आपला. "रथ बोटभर हलणार नाही, असं मी म्हणाले होते. अजून हललेलो नाही."

तेवढ्यात वळणावर यासुजी दिसला. पळत नव्हता. दोन्ही हातांत काठोकाठ भरलेला वाडगा धरून, न सांडता, लग्नातल्या नवऱ्यासारखा एकेक पाऊल टाकत येत होता.

"लवकर ये की," कानेतो ओरडला.

"सांडेल," यासुजी म्हणाला.

तो पोचला. आजोबांना त्यांचा वाडगा दिला होता. हा पातेल्यातला शेवटचा, सुनेनं त्यालाच दिला, उभा राहिलास म्हणून. आता हात भरलेले, वाकायचं कसं? त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि वाडगा कानेतोच्या हातात ठेवला.

कानेतोही सकाळपासून उपाशी होता. वाफ त्याच्या नाकात गेली.

"ठोका मी ऐकला," यासुजी मोठ्यानं म्हणाला आणि कमरेत वाकला. "कावाबाता वर जाणारे आहेत. तोकिवा बाजूला होईल."

तोकिवातून निषेध उठला, सगळ्यांच्या नजरा कानेतोकडे वळल्या. कानेतोच्या तोंडात अळकुडी होती. त्यानं मान हलवली. ती हो होती की नाही, यावर तोकिवात पुढे बराच वाद झाला. पण रथ सरकवायला तेवढी पुरली.

गल्ली अरुंद. तोकिवाच्या माणसांना एकट्यांना रथ रेटेना. मग किनुएनं शिगेतोकडे पाहिलं. शिगेतो शिव्या घालत आपली माणसं घेऊन गेला आणि शत्रूच्या चाकाला खांदा लावला.


ओढा

ओढा. योद्ध्याची तलवार तोकिवाच्या पाइनमधून सरसरत गेली, सुया खाली पडल्या. ओढा. काळं कापड काळ्या कापडाला घासलं. किनुए यासुजीसमोरून गेली. दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही, कारण उत्सव अजून संपला नव्हता. ओढा. रथाचं मागचं चाकही अडचणीतून पार झालं, पुढे सगळा रस्ता मोकळा, आणि कोणीही न सांगता दोरांवरची माणसं पळायला लागली. म्हातारी मंडळीसुद्धा. "बघू"वाले सगळ्यात पुढे, ओरडत.

देवळाच्या पायरीवर पुजारी लांब काठीच्या टोकाला ज्योत घेऊन पहिल्या कंदिलाशी उभा होता. रथाचा गडगडाट ऐकून त्यानं मान वळवली. काठी तशीच, कंदिलापासून हातभर लांब.

किनुए पायरीपाशी पोचली. तोंड उघडलं, पण श्वासच पुरेना.

"घाई नाही," पुजारी म्हणाला आणि काठी खाली केली. "कोण आळी?"

"कावाबाता," ती म्हणाली. "दर्शनाला आलोत."

मागे फळीवर मुलींनी बाह्या उचलल्या.