बंद कूलरमधली वस्ती

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा कूलर आहे. वय चौदा. एवढ्या वयाच्या कूलरकडे भंगारवाला जरा प्रेमानेच बघतो, म्हणून मी ते सहसा सांगत नाही.

माझा जन्म अमरावतीला, राजापेठेतल्या एका पत्र्याच्या दुकानात झाला. तिथून टेम्पोत आडवा पडून मी अकोल्याला आलो आणि देवमनभाऊ तायड्यांच्या मागच्या खिडकीत, लोखंडी स्टँडवर उभा राहिलो. तोंड घरात, बाकीचं धूड बाहेर गल्लीत. मी घरातला की बाहेरचा, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

उन्हाळ्यात हा प्रश्न पडायचा नाही. पारा पंचेचाळिसाच्या वर गेला की पाहुणे आधी माझ्यासमोर बसायचे, मग देवमनभाऊंना नमस्कार करायचे. मैनावहिनी रोज माझ्या टाकीत बादल्या ओतायच्या. त्यांची नीलम आता सहावीत आहे. ती माझ्यासमोर बसूनच पाढे शिकली. माझं बटण पक्कडीने फिरवावं लागतं, पंखा खडखडतो, पण चौदा वर्षांत टाकी एक थेंब गळली नाही. मला तेवढाच एक अभिमान.

जूनमध्ये मी बंद होतो. मैनावहिनी दरवर्षी विचारतात, "याले खाली उतरवायचं काय?"

देवमनभाऊ दरवर्षी म्हणतात, "कायले? ऑक्टोबरमधी पुन्हा लागतेच ना."

मग माझ्या तोंडावर जुनी चादर टांगली जाते आणि तिच्यापुढे टीव्हीचं टेबल सरकतं. टाकीत चार बोटं पाणी राहतं ते राहतंच. चादरीमागे मला मालिका फक्त ऐकू येतात. इतकी वर्षं ऐकतोय, पण कोण कोणाची सून हे अजून कळलेलं नाही. चार महिने माझ्याशी कोणी बोलत नाही.

यंदा एक डासीण आली. टाकीच्या कडेला अंडी घालून गेली आणि दोन-तीन दिवसांत पाण्यात अळ्या वळवळू लागल्या. मित्रांनो, खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. कोणीतरी माझ्यात राहत होतं. मी सगळ्यांना नावं ठेवली. नावं संपली, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून ठेवली. आठ-दहा दिवसांत त्यांना पंख फुटले आणि ती पोरं चादरीच्या फटीतून घरात गेली. मला वाटलं, शाळेत गेली असतील.

घरात देवमनभाऊ डासांचे पक्के वैरी होते. खिडक्यांना जाळ्या, रांजण दर रविवारी कोरडा, कुंड्यांखालच्या बशा उपड्या, संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याची धुरी. उरलेल्यांसाठी हातात चार्जिंगची रॅकेट. ते टीव्हीसमोर बसून ती फिरवायचे. चट्! माझ्यापासून हातभर अंतरावर.

"येऊन कुठून राहिले हे?" ते भिंतीला विचारायचे.

भिंतीला माहीत होतं.

मग नीलमला ताप आला. चौथ्या दिवशी तिला दवाखान्यात भरती केलं. डेंग्यू. घरी डबा न्यायला आलेल्या मैनावहिनी फोनवर बहिणीला सांगत होत्या, "प्लेटलेट वाढून राहिल्या आता. शुक्रवारी सोडतो म्हणे. पण डॉक्टर म्हणते, पुन्हा झाला तं याच्यापेक्षा वाईट होऊ शकते व माय."

शुक्रवारला दोन दिवस होते. टाकीत पुढची पिढी वळवळत होती. आता ती कुठल्या शाळेत जाते, हे मला कळलं होतं.

माझ्या एका कोपऱ्याला गंज चढला होता. एरवी मी दातओठ खाऊन धरलं असतं. गुरुवारी सकाळी सोडून दिलं. टप्.

खालून गल्लीतल्या सत्यभामाकाकू मेथीची टोपली घेऊन चालल्या होत्या.

"ओ देवमनभाऊ! माया डोक्यावर पाणी टपकून राहिलं!"

"पावसाचं असन काकू."

"ऊन पडलं आहे ढळढळीत! तुमचा कूलर आहे हा."

"कूलर तं जूनपासून बंद आहे."

"मंग बंद कूलर काहून मुतून राहिला? बाहेर या आन् पाहा!"

देवमनभाऊ बाहेर आले. त्यांनी स्टुलावर चढून माझी गवताची बाजू काढली, आत वाकले आणि वळवळतं पाणी पाहिलं.

"काकू," ते म्हणाले, "म्या सारं घर धुंडलं. याच्याकडेच तोंड करून बसत होतो."

काकूंनी टोपली खाली ठेवली. "आता बसू नका. ते पाणी नालीत नका टाकू, इकडं उन्हात मातीवर ओता. आन् आतून घासा. अंडे पत्र्याले चिकटून राह्यतात, नुसतं सांडून जात नाईत. सरकारी दवाखान्याच्या आशाताईनं गल्लीभर सांगतलं होतं. तुमी तवा रॅकेट खेळत असान."

देवमनभाऊंनी मला काथ्याने घासलं, रंग निघेपर्यंत. घासताना ते रडत होते. मी पाण्याचा हिशोब जाणतो, ते टाकीतलं नव्हतं. मातीवर अळ्या पडल्या होत्या, ऊन कडक होतं. मी कोणाचंही नाव घेतलं नाही.

नीलम शुक्रवारी घरी आली. मी ते पाहिलं नाही. मी गच्चीवरच्या खोलीत उपडा पडलो होतो. खालून फक्त तिचं खाणं मागणं ऐकू आलं, दोनदा.

मित्रांनो, तुमच्याही खिडकीत असा कोणी असेल. पाऊस लागला की त्याला उतरवा. गवत काढा, टाकी घासा, वाळवा, उपडी ठेवा. त्याला फार एकटं वाटेल. दोन बोटं पाणी तरी राहू द्या, असं तो म्हणेल. मी आत्ताही म्हणतोच आहे. ऐकू नका.