पेटीतल्या गोळ्या

बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत रुपराव सुपरवायझर होते आणि प्रथमोपचाराच्या पेटीची किल्ली त्यांच्याच खिशात असे. कुणाची कंबर धरली, कुणाचं डोकं चढलं, की रुपराव दुखण्याची गोळी काढून देत. कामगार त्यांना डॉक्टरसाहेब म्हणून चिडवत. नीम हकीम खतरे जान, म्हणजे अर्धवट वैद्य जिवाला धोका, हे रुपरावांनाही ठाऊक होतं. पण अशा म्हणी दुसऱ्यांसाठी असतात, असाच आपला सगळ्यांचा समज.

बायकोचे, सुभद्राचे, गुडघे धरले, तेव्हा त्याच पेटीतल्या गोळ्या घरी येऊ लागल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक, अशी सात वर्षं. पाय सुजले तर रुपराव म्हणाले, उन्हाळा आहे. धाप लागली तर म्हणाले, वय झालं. शहाणपणाला त्यांच्या काही तोटा नव्हता.

आता धंतोलीतल्या दवाखान्यात किडनीच्या डॉक्टरीणबाई सुभद्राचे रिपोर्ट वाचत होत्या.

"किडन्या वीसच टक्के काम करताहेत. बीपी वाढलं, रक्त कमी झालं, ते त्यामुळेच. पुढे हृदयालाही धोका आहे. शुगर तर दिसत नाही. दुखण्याच्या गोळ्या घेता का? त्यांनीही किडन्या जातात."

"नाही जी," सुभद्रा चटकन म्हणाली.

रुपरावांनी बायकोकडे पाहिलं. गप्प राहिलं तर अब्रू वाचत होती. पण मग घरच्या डब्यातल्या गोळ्या सुरूच राहिल्या असत्या आणि उरलेले वीस टक्केही गेले असते.

"घेते जी. रोज दोन. सात वर्षांपासून. मीच आणून देतो," ते म्हणाले.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आजपासून बंद. गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते जपू."

बाहेर बाकावर बसल्यावर रुपरावांना राहवेना. "खोटं काहून बोलली वं?"

"कंपनीतल्या गोळ्या घरी आणता, हे कळलं असतं तर तुमची नोकरी गेली असती." मग म्हणाली, "तसंबी मले त्या सोसत नव्हत्या. पोटात आग पडे."

"मंग सांगितलं काहून नाही? घेत काहून राहिली?"

सुभद्राने सुजलेले पाय हळूच बाकाखाली ओढून घेतले.

"तुमी गोळी द्याले पाण्याचा गिलास घेऊन उभे राहत होते ना जी. लग्नाले एकतीस वर्षं झाले. दुसरं कधी काही आणून देल्लं मले हातात?"

रुपरावांनी आठवून पाहिलं. काहीच आठवलं नाही.