धुमसाने फसवलेला भेक

मित्रांनो, मी एक भेक आहे, वयाने जुना आणि स्वभावाने संशयी. तळ्यातले गुळगुळीत बेडूक वेगळे; मी चाकणच्या मुरमाड माळावरचा. वाळवंटातल्या माझ्या भाऊबंदांप्रमाणे वर्षाचे आठ महिने मी जमिनीखाली काढतो. मागच्या पायांनी माती उकरत उलटा खाली उतरतो. शत्रूकडे पाठ करायची नाही, ही आमच्या घरची शिकवण आहे.

खाली मी पोटाने ऐकतो. ढग गडगडले की जमीन थरथरते आणि आम्ही वर येतो. पूर्वजांचं यावर छान भागलं. मग माळावर कंपन्या आल्या आणि प्रेस मशिनचे दणके रात्रंदिवस सुरू झाले. पहिल्याच वर्षी मी तीनदा वर आलो आणि तिन्ही वेळा उन्हात भाजून परत गेलो. तेव्हापासून मी कोणत्याच आवाजावर विश्वास ठेवत नाही.

यंदा मे महिन्यात मात्र फसलो. इकबालभाईंच्या गॅरेजची शेड वाढत होती. काँक्रीट घालण्याआधी त्यांनी मातीवर पाणी सोडलं आणि माणसं धुमसाने, त्या जड लोखंडी ठोकण्याने, ती ठोकू लागली. वरून दणके, खाली ओल! आता तरी खरं असेल, म्हणून मी वर आलो. पाहतो तर आभाळाच्या जागी पत्रा! माणसं चहाला गेली होती, इकबालभाई तेवढे तिथे होते.

एवढ्यात शेजारच्या शेतातल्या गवराबाई आल्या. मला पाहताच त्यांचा चेहरा फुलला.

“इकबाल, भेक वर आलाय! दोन दिसांत पाऊस हाय. घरच्या बाजरीचं डबाभरच बी उरलंया, ते आजच पेरते.”

“मावशी, मोबाइलवर तर पंधरा दिवस पाऊस दाखवत नाही.”

“मोबाइल काय जमिनीत ऱ्हातोय व्हय?”

कोरड्या मातीतलं ते बी मुंग्यांनी उचललं असतं, आणि दोष माझ्या माथी! बोलता येत असतं तर ओरडलो असतो. शेवटी तिथेच मागचे पाय रोवले आणि परत खाली जाऊ लागलो. संध्याकाळी माझ्या डोक्यावर काँक्रीट पडणार होतं, भीती वाटत होती, पण दुसरी भाषा मला येत नाही.

गवराबाई उकिडव्या बसल्या. “पाऊस असता तर ह्यो परत कशाला गेला असता?” मग त्यांना भिंतीला टेकवलेला धुमस दिसला. “तुलाबी फसवलं व्हय रं?”

पेरणी थांबली. इकबालभाईंनी मला मातीसकट फावड्यावर घेतलं आणि गवराबाईंच्या बांधावर नेऊन सोडलं. मी संशयाने त्यांच्या हातावर मुतलो. ते नुसते हसले.

मित्रांनो, जमीन बुजवण्याआधी खाली कोण राहतं ते एकदा बघत जा. गवराबाई अजून बांधावर येतात आणि गडगडलं की वाकून विचारतात, “खरं का रं?”

मी पोट मातीला टेकवून पुन्हा ऐकतो. मलाही आता कळत नाही.