घर क्रमांक दोनशे चौदा

रीताने कोपऱ्यातल्या चपला उचलल्या, फडक्याने पुसल्या आणि सासूच्या पायांपुढे नीट जोडून ठेवल्या.

धुरपताबाईने आधी चपलांकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"काय व, इलेक्शन आलं का?"

"कायचं इलेक्शन, आई?"

"नाई, चपला पुसून देऊन राहिली म्हणूनशान ईचारलं. आता पाय धरनंच बाकी राहिलं."

"चला लवकर. ऑटोवाला थांबून राहिला."

"पन मले बँकेत कायले नेता? माह्ये निराधारचे पैसे तं दुसऱ्या बँकेत येते."

"साक्षीदार लागते. कागदं घ्याचे आहेत ना घराचे. अंगठा द्याचा न् घरी याचं. दहा मिनिटं."

खोटं बोलताना रीता हमखास पदर सारखा करायची. आत्ता तिने तो दोनदा केला. म्हातारीने चपलांत पाय घातले आणि अंगणातून चालू लागली. सासू इतक्या सहज निघाली याचंच रीताला भय वाटलं.

'साक्षीदार' हा शब्द रीताने रात्रभर शोधून काढला होता. नवरा म्हणत होता, सांगून टाकू मायला. प्रफुल राईस मिलमध्ये इलेक्ट्रिशियन होता. जिवंत तारेला हात घालायला त्याला भीती नव्हती, पण बायको डोळे मोठे करून बघायला लागली की तो गप्प बसायचा. कालही बसला.

भानगड पाच वर्षांपूर्वीची. चिचगडचं दोन एकर विकून पाच लाख आले होते. गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरमधलं हे दोन खोल्यांचं घर नऊ लाखांना मिळत होतं. उरलेले चार बँकेने दिले, पंधरा वर्षांच्या बोलीवर. त्याच वर्षी सरकारने सूट काढली होती: घर बाईच्या नावावर घ्या, मुद्रांकात एक टक्का माफ. एक टक्का म्हणजे नऊ हजार. नऊ हजार सोडायला ही काही सेठ-सावकारांची औलाद नव्हती. पण रीताच्या आधार कार्डावर अजून बापाचंच नाव होतं. लग्नाला बारा वर्षं झाली होती, पोरगी शाळेत जात होती, आणि कार्ड मात्र माहेरीच राहिलं होतं. ते दुरुस्त व्हायला महिना लागणार होता आणि घर विकणाऱ्याला धीर नव्हता. दलाल नंदलालने डोकं खाजवलं, इकडेतिकडे पाहिलं. कचेरीच्या पायरीवर धुरपताबाई शेंगदाणे सोलत बसली होती.

"ही बाईच आहे ना?" नंदलाल म्हणाला. "तिचं आधार बरोबर आहे ना?"

झालं. जिथे सांगितलं तिथे धुरपताबाईने अंगठा दिला, हात पुसला आणि पुन्हा शेंगदाणे सोलायला बसली. घर तिच्या नावावर झालं. तिला सांगू, सांगू म्हणता ते राहून गेलं. मग न सांगणंच सोयीचं होत गेलं.

सोयीचं, कारण चंदा. धुरपताबाईची थोरली, प्रफुलची बहीण. चिचगडलाच दिलेली. शेत विकलं तेव्हा तिने हक्कसोडीच्या कागदावर सही केली, एक रुपया मागितला नाही, जेवली आणि शेवटच्या बसने घरी गेली. भांडली असती तर रीताला बरं वाटलं असतं. भांडणाला उत्तर देता येतं. न भांडलेली नणंद पाच वर्षं तिच्या डोक्यात ठाण मांडून होती. घर आपलं आहे हे म्हातारीला कळलं, म्हातारीने अर्धं घर लेकीला लिहून दिलं, तर कोणाच्या तोंडाने नाही म्हणायचं? शेत तर चंदाच्याही बापाचं होतं.

आणि नाही न म्हणता बघत राहायचं, तर ही पाच वर्षं कुठे टाकायची? कपाटात लटकवायची?

कारण पंधरा वर्षांचं कर्ज पाच वर्षांत उतरतं ते बँकेच्या भिंतीवरल्या हसऱ्या जोडप्यासारखं दात दाखवून नाही. ते असं उतरतं: लाइट बिल शेवटच्या तारखेला, सिलिंडर संपला की आठ दिवस अंगणातल्या चुलीवर, केबल पहिल्याच वर्षी बंद, किराणेवाल्याला अर्धे आणि गोड बोलणं पूर्ण. शाळेची फी आली की दूधवाला मागे, दूधवाला तापला की फी मागे. शाळेचे गणवेश शिवायच्या दिवसांत रीताने ताप अंगावर घेऊन मशीन चालवली. जो रुपया हातात उरला तो हप्त्यावर वरून नेऊन टाकला. भिशी उचलली तीही तिथेच. पंधरा दिवसांपूर्वी शेवटचे अठ्ठ्याऐंशी हजार भरले आणि घरी येऊन ती दुपारी चक्क झोपली. पोरगी भाग्यश्री घाबरून गेली, आईला बरं नाही म्हणून.

आणि मग बँकेचा फोन: कागद न्यायला मालकाने स्वतः यायचं.

बँकेत गर्दी होती. कर्ज घ्यायला आलं की एसीखालची खुर्ची आणि चहा. फेडून कागद मागायला आलं की टोकन. रीताचं टोकन बासष्ट होतं. चंद्रकुमार नावाचे कर्जविभागाचे साहेब टेबलामागे बसून सत्तावन्नला 'कल आना' सांगत होते. प्रफुल मिलमधून परस्पर येणार होता, तो अजून उगवला नव्हता.

बासष्टची पाळी आली. साहेबांनी फाईल उघडली आणि त्यांचं तोंड पडलं.

"पंद्रह साल का लोन पाँच में? भाभीजी, इतनी क्या जल्दी थी?"

"हप्ता तुमाले भराचा असता तं तुमी बी जल्दी केली असती."

"नहीं, मतलब, रेकॉर्ड बहुत बढ़िया है आपका. मैं तो कहता हूँ टॉपअप ले लो. पाँच लाख, दो दिन में. ऊपर एक मंज़िल चढ़ा दो."

"साहेब," रीता म्हणाली, "पाच लाख इथं टेबलावर मांडून ठेवले तरी मी हात लावनार नाई. पैले कागदं काढा."

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. साहेबांनी ड्रॉवर उघडला, बंद केला, किल्ली मागवली, आणि अखेर एक जाड खाकी पाकीट टेबलावर आलं. पाच वर्षं त्या पाकिटात बसली होती, आणि पाकीट दोन बोटं जाड होतं, बस.

"ओनर कौन? आप?"

रीताने आवाज खाली आणला. "ह्या. सही द्याले आनलं त्याइले. कुठं अंगठा लावाचा थे सांगा फक्त."

पण म्हातारं माणूस दिसलं की ते बहिरंच असणार असं शिकून आलेली जी जमात असते, साहेब त्यातले. ते खुर्चीतून पुढे झुकले आणि ओरडले,

"माताजी! मकान आपके नाम पे है! आप मालिक हो! मालूम है ना?"

अख्खी बँक वळून बघायला लागली. रीता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली. महिना कोणता ते तिला वाचता येईना.

"ओरडू नोको बापा," धुरपताबाई म्हणाली. "मी बयरी नाई होय. माह्याच नावावर आहे. आन थो पेन."

पेन तिने मुठीत धरलं. जीभ ओठांच्या कोपऱ्यात आली. रजिस्टरवर वाकून ती हळूहळू लिहायला लागली, एकेक अक्षर पेरल्यासारखं. रीता पाहतच राहिली. पाच वर्षांपूर्वी हिने अंगठा दिला होता. ही लिहायला कधी शिकली?

साहेबांनी रजिस्टर वळवून घेतलं.

"ये क्या है माताजी?"

लिहिलं होतं: श्रीमती धुरपता बकाराम फुंडे. आणि त्याखाली, तितक्याच मेहनतीने: घ. क्र. २१४.

"घर नंबर नहीं लिखना. सिर्फ़ नाम."

"दोनी लिहाचं असते," धुरपताबाईने त्यांना समजावलं. "पावतीवर तसंच रायते. म्या पाहून पाहूनच शिकलं."

पावती. कुठली पावती? रीता मनातल्या मनात महिन्याची सगळी बिलं उलटीपालटी करू लागली. लाइट, सिलिंडर, शाळा, दूध, किराणा, मोबाइल. पाच वर्षं तिने ही बिलं इतक्या वेळा एकमेकांच्या मागे लपवली होती की झोपेतही म्हणून दाखवली असती. त्यात घरपट्टी नव्हती. घर आहे, आणि घरपट्टी नाही. ती प्रफुल भरतो. भरतो ना?

साहेबांना अजून एक दुःख होतं. रेकॉर्डला अंगठा आहे, मग सही कशी चालेल? पाच वर्षांत माणूस शिकलं हे बँकेच्या नियमात बसत नव्हतं. शेवटी सहीच्या शेजारी अंगठाही घेतला. धुरपताबाईने शाई फाईलच्याच कडेला पुसली, पाकीट काखेत मारलं आणि मागे न बघता बाहेर पडली.

बाहेर आलुबोंड्याच्या ठेल्यापाशी प्रफुल मोटरसायकल लावत होता. केसांत तांदळाचा कोंडा, भुवयांवर कोंडा.

"झालं का?"

"घरपट्टी तुमी भरून राहिले ना दरसाल?" रीताने सरळ विचारलं.

"मी?" प्रफुलने तिच्याकडे पाहिलं. "सगळे बिलं तं तू पाहते. तूच भरून राहिली ना?"

दोघंही एकाच वेळी वळले. धुरपताबाईने एव्हाना आलुबोंडा मागवला होता आणि त्याच्यावरची गरम वाफ फुंकत होती.

"पैल्या साली थो ग्रामपंचायतचा शिपाई उदाराम आला कागद घेऊन," ती म्हणाली. "हा मिलमधी. तू मशीनवर, गनवेशाच्या ढिगात, दिसत बी नोती. उदाराम म्हने, धुरपता बकाराम फुंडे कोन? म्हटलं मी. म्हने घर तुह्यं आहे, बाराशे सत्तर काढ. काढले."

"निराधारच्या पैशातून?"

"मंग कायच्यातून? तुले वाटे, बुडी तंबाखू-खर्र्यात उडवून राहिली."

रीताला तसंच वाटत होतं. चंदाला पाठवते असंही वाटत होतं. तिने ठेल्यावरच्या कढईकडे नजर वळवली.

"थोडा खर्रा बी खाल्ला," म्हातारी म्हणाली. "खोटं कायले बोलू?"

"पन माय," प्रफुल कळवळून म्हणाला, "पाच साल झाले. तुले मालूम होतं तं बोलली काऊन नाई?"

"बोलली असती तं हप्ता मलेच भराले लावला असता तुमी."

आधी ठेलेवाला हसला. मग प्रफुल. मग रीताला जे हसू फुटलं ते आवरेना. तोंडाला पदर लावून ती मोटरसायकलच्या सीटवरच टेकली. डोळ्यांतून पाणी आलं तेही त्याच झटक्यात, वेगळं काढता येईना. चपला पुसणारा हात, 'साक्षीदार', रात्रभरची जागरणं, सगळं या बाईच्या एका आलुबोंड्यापुढे फुकट गेलं होतं.

हसू ओसरलं तसा खालचा दगड उघडा पडला. रीता उभी राहिली.

"आई, चंदाताईले मालूम आहे?"

"पैल्याच साली सांगतलं मी."

"काय म्हने?"

"म्हने, माही भावजय जीव काढून राहिली हप्त्याच्या मांगं. फिटू दे पैले, मंग पाहू." धुरपताबाईने शेवटचा घास तोंडात टाकला. "हे घे. तुह्या आलमारीले कुलूप आहे, माह्या पेटीले नाई." आणि पाकीट तिने रीताच्या हातात दिलं, त्यावर तेलकट बोटांचे चार ठसे उठले.

मंग पाहू. रीता पाकीट छातीशी धरून उभी राहिली. आता हे आलमारीत ठेवायचं, कुलूप लावायचं, आणि 'मंग' कधी येतंय याची वाट बघत अजून पाच वर्षं घालवायची. हप्त्याची तरी तारीख ठरलेली होती.

तिने नवऱ्यापुढे हात केला. "फोन द्या. नाई, ताईले लावून द्या."

"आता?"

"आता."

चिचगडला फोन लागायला तीन खेपा गेल्या.

"चंदाताई, रीता बोलून राहिली. फिटलं. कागदं हातात आहेत माह्या." "तुमी म्हटलं होतं ना, फिटल्यावर पाहू. तं सांगा, काय पाहाचं आहे?"

पलीकडे चंदाने आधी पायातल्या कोंबड्या हुसकल्या.

"काय सांगू व," चंदा म्हणाली. तिचा आवाज एवढासा झाला होता. "माह्या पोरीचा नर्सिंगले नंबर लागला. गोंदियाले. हॉस्टेलवाले लई पैसे सांगून राहिले. तीन सालाचा सवाल आहे. तुमच्या इथं जागा तं कमीच, मले मालूम आहे. म्हनून तोंड उघडत नोती."

रीताने फोनवर तळहात ठेवला. "आई, ताई ईचारून राहिल्या—"

"मले आयकू आलं," धुरपताबाई पदराने हात पुसत म्हणाली. "मी कायले बोलू? सैपाक तुले कराचा आहे."

रीताने हात काढला.

"ताई, पोरीसंगं एक खाट पाठवा," ती म्हणाली. "आमच्याकडं तीनच आहेत."