फुग्यानंतरची दाढी

मुलांनो, जरा डोळे मिटा. तुम्ही खुर्चीत मान मागे टाकून बसला आहात. गळ्याला साबण लागलाय आणि कानाखालून वस्तऱ्याचं पातं हळूहळू खाली येतंय. हलायचं नाही. आवंढासुद्धा गिळायचा नाही. आता उलटं समजा. पातं तुमच्या हातात आहे आणि मान दुसऱ्याची. यातली जास्त भीती कुठली, ते तुम्हीच ठरवा. आकारामला त्या सकाळी दोन्ही वाटत होत्या.

पलूसच्या कॉलेजात व्यवसाय शिकवणारा वर्ग निघाला, तेव्हा केस-दाढीचं काम शिकवायला गावातल्याच आकारामला बोलावलं होतं. स्वतःचं दुकान कसं उभं करायचं, गिऱ्हाईक कसं राखायचं, हेही त्यानेच सांगायचं. मुलं त्याला ‘सर’ म्हणत. जन्मभर ‘ए आकाराम’ ऐकलेला माणूस तो. सुरुवातीला कुणी सर म्हटलं की मागे वळून बघायचा. पुढे पुढे सकाळी उठल्यापासून त्या हाकेची वाट बघू लागला.

पण दिवाळीच्या सुमारास त्याचा उजवा हात थरथरायला लागला. दुकानात एकाच्या हनुवटीला कापलं, मग एकाच्या कानाला. त्याने दुकान भाच्याच्या हवाली केलं आणि लोकांना गुडघ्यांचं कारण सांगितलं. खरं ठाऊक होतं ते फक्त बायकोला, बनुबाईला.

“आवं, कॉलेजात सांगून मोकळं व्हा की,” ती म्हणायची.

“सांगितल्यावर ठेवत्याल व्हय मला? हातच गेल्यावर माझ्याजवळ काय ऱ्हातंय?”

वर्गात त्याने युक्ती काढली. उजवा हात ॲप्रनच्या खिशात आणि शिकवणं तोंडाने. मुलं फुगवलेल्या फुग्यांना साबण फासत आणि त्यांवर वस्तरा चालवत. फुगा फुटला की तो म्हणायचा, “गेलं गिऱ्हाईक. आता त्याच्या घरच्यांस्नी कोण सांगणार?”

त्या सकाळी प्राचार्य गोपाळकृष्ण सर वर्गात आले, ते दाढी वाढवूनच.

“आकाराम सर, आज मीच गिऱ्हाईक. या मुलांना एकदा तुमचा हात बघू द्या.”

आकारामची खिशातली मूठ मांडीवर टकटक आपटू लागली. मागच्या बाकावरून सूरज कुजबुजला, “आज प्राचार्यांचा फुगा फुटतोय का काय गड्या.” पोरं खुसखुसली.

आकाराम दोन पावलं पुढे झाला आणि खुर्चीत स्वतःच जाऊन बसला.

“साहेब, माझा हात गावानं लय बघितलाय. आज ह्या पोरांचा बघा. मान माझी.”

प्राचार्यांनी कौतुकाने मान डोलावली. वर्गाला ती छाती वाटली. तो पळून येऊन खुर्चीत बसलाय, हे एकट्या त्यालाच माहीत होतं.

कुणी उठेना. त्याने कुंडलच्या राजेश्वरीला हाक मारली. तिचे फुगे आता फुटत नव्हते.

“राजे, तुझ्या आजोबांस्नी कळलं तर मिलिट्रीतली बंदूक घिऊन येत्याल,” सूरज म्हणाला.

“येऊ देत. तवर तुझी मिशी उतरवून ठेवते,” ती म्हणाली. पण तिचे ओठ पांढरे पडले होते.

तिने आकारामच्या अंगावर पांढरी चादर टाकली, साबण लावला आणि डाव्या बाजूला उभी राहिली. उजव्या बाजूच्या खिडकीतून उजेड नीट त्याच्या गळ्यावर येत होता. त्या खिडकीपाशी प्राचार्य उभे होते.

पातं कातडीला टेकलं. आकारामने आजवर कुणाला मान दिली नव्हती; तो स्वतःच आरशात बघून दाढी करायचा. आपल्यासमोर डोळे मिटून बसलेली सगळी माणसं त्याला आठवली. केवढा विश्वास टाकत होती ती!

आणि मग चादर हलू लागली. खिशाबाहेर आलेला हात टोपलीखाली कोंडलेल्या चिमणीसारखा तडफडत होता. त्याने तो डाव्या हाताने दाबला, तशी थरथर दंडात शिरली, खांद्यात आली, मानेत आली.

पातं थांबलं.

त्याने डोळे उघडले. राजेश्वरी चादरीकडे बघत होती.

“काय गं, थांबलीस का?” प्राचार्यांनी विचारलं.

पातं अजून आकारामच्या गळ्यापाशीच होतं. या पोरीच्या तोंडून एक शब्द गेला, की उद्यापासून हा वर्ग नाही, ती हाक नाही. त्याने तिच्याकडे पाहिलं. विनवणी कशी करतात, तेही त्याला त्या क्षणी सुचेना.

“इकडून उजेड येईना, सर,” राजेश्वरी प्राचार्यांना म्हणाली. “बाजू बदलते.”

ती खुर्चीला वळसा घालून आली आणि प्राचार्यांकडे पाठ करून, त्यांच्या आणि चादरीच्या मधोमध उभी राहिली. खिडकी तिच्यामागे गेली. तिचीच सावली त्याच्या गळ्यावर पडली. तिने चादरीवरून त्याची मूठ हातात घेतली आणि थरथर निवेपर्यंत घट्ट धरून ठेवली. मग हात सोडला, दोन बोटांनी त्याच्या गळ्याची कातडी ताणली आणि त्या अपुऱ्या उजेडात, श्वास रोखून, पातं कानाखाली टेकवलं.